पाच-तीसला सोळाशे मारलं म्हणजे तोफेचा गोळा उचलता येतो का?

खटाव तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. त्यांचा धाकटा भाऊ, वजन ५४ किलो, सोळाशे मीटर ५:२० ला मारतो. त्याचा जोडीदार गावच्या तालमीतला, ७८ किलो, पण ५:४० च्या खाली काय येत नाही. दोघं अग्निवीर जीडीची, म्हणजे जनरल ड्युटी शिपायाच्या भरतीची तयारी करतायत. दादांनी कुठंतरी वाचलं की अमेरिकेत भरतीलाच ताकदीची टेस्ट घेतात आणि त्याप्रमाणं काम देतात, मग आपल्याकडं सगळ्यांना एकच पळायला का लावतात, आणि या दोघांनी नेमकं करायचं काय?

मी १७ वर्षं तोफखान्यात काढली, त्यातली शेवटची आठ-नऊ वर्षं पीटी उस्ताद म्हणून, कोर्स पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगला झाला. आता सकाळी साताऱ्यात शाहू स्टेडियमला पोरं पळवतो. त्यामुळं जे लिहितोय ते मैदानावर बघितलेलं आहे, बाकी थोडं वाचलेलं.

पहिलं आपल्याकडचं सांगतो कारण त्यात पण लोकांचा घोळ होतो. जीडीला सोळाशे ५:३० च्या आत आलं की ६० मार्क, ५:३१ ते ५:४५ ला ४८, आणि अलीकडं ६:०० पर्यंत ३६ आणि ६:१५ पर्यंत २४ अशा पायऱ्या वाढवल्यात. बीम म्हणजे दांड्याला लटकून हनुवटी वर न्यायची, ते १० मारले की ४०, आणि कमी कमी होत ६ ला १६. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स, हे दोन्ही फक्त पास व्हायचं. क्लार्क आणि टेक्निकलवाल्यांना तर रनिंग आणि बीमही नुसतं पास व्हायचं असतं, मार्क जीडीला. म्हणजे बघा, दादांच्या भावानं दहा बीम मारले की १०० पैकी १०० पडणार. पैलवानाला पळण्याचे ४८, आणि बीम जर सात-आठवर अडकले तर २१ नाहीतर २७, म्हणजे सत्तरच्या घरात खेळ खलास. आता जरा हिशोब करा, एका बीमला बारक्या ५४ किलो वर नेतो आणि हा गडी ७८. दहा बीमला दोघांनी केलेलं काम सारखं नाही पण मार्कांचा तक्ता वजन विचारत नाही.

पळायचं पण तसंच आहे. ५:३० म्हणजे चारशेचा एक राउंड साडेब्याऐंशी सेकंदात, असे चार. बारीक अंगाच्या पोराला यात सरळ फायदा, स्वतःचंच वजन तर न्यायचं असतं. पण त्याच पोराच्या पाठीवर २५ किलोचा पिट्टू, म्हणजे सैनिकाची पाठपिशवी, टाका, त्याच्या वजनाच्या ४६ टक्के झाला. पैलवानाच्या पाठीवर तोच पिट्टू ३२ टक्के. पिट्टू घेऊन चार-पाच किलोमीटर गेल्यावर कोण पुढं असतं ते मी शेकडो वेळा बघितलंय, भरतीच्या रॅलीत पहिला आलेला तिथं शेवटच्या दहात असतो आणि ज्याला आपण ढोल्या म्हणून हसलो तो तोंडातल्या तोंडात शिव्या देत पुढं निघून जातो.

एक प्रसंग सांगतो, युनिटचं नाव घेत नाही. आमच्याकडं तेव्हा १३० एमएमची तोफ होती. तिचा गोळा ३३ किलोच्या आसपास. खोक्यातून काढायचा, छातीला लावायचा, दोन-तीन पावलं टाकायची आणि ट्रेवर ठेवायचा, आणि हे वाळूत, उन्हात, हातमोजा घामानं ओला झालेला. एक गोळा कुणीपण उचलतो हो. वीस-पंचवीस गोळे लागोपाठ उचलायचे असतात तेव्हा कळतं. राजस्थानात फायरिंगला गेलो होतो, डिटॅचमेंटला, म्हणजे एका तोफेच्या टोळीत, एक नवीन पोरगं लोडरला, म्हणजे गोळे भरायला लावलेलं, वजन ५३-५४ असेल, युनिटच्या क्रॉसकंट्री टीममधलं, म्हणजे पळण्यात त्याला तोड नव्हती. बाराव्या-तेराव्या गोळ्यापासून मी बघत होतो, गुडघे वाकायचे बंद झाले आणि सगळं कमरेतून चाललं. गोळा छातीऐवजी पोटावर यायला लागला. मी नंबर एकला, म्हणजे तोफेच्या प्रमुखाला, सांगितलं याला बदल, तो म्हणाला उस्ताद एवढी सिरीज होऊ दे. झाली सिरीज. संध्याकाळी पोरगं तंबूत उताणं पडलेलं, म्हणतंय "उस्ताद, पाठीत उसण भरलीया." उसण नव्हती ती. पुढं मेडिकल झालं, कॅटेगरी लागली, दोन वर्षं जड काही उचलायचं नाही असा कागद घेऊन फिरत होतं. आणि त्याच बॅचचा तासगावकडचा एक दणकट गडी, ज्यानं पळायचं कसंबसं काढलं होतं, तो रेडिओ ऑपरेटर म्हणून कानाला हेडफोन लावून बसलेला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ट्रेड, म्हणजे कुणी कुठलं काम करायचं ते, देताना शिक्षण बघितलं, ट्रेनिंगचे मार्क बघितले, जागा किती ते बघितलं, शरीर बघायचा रकानाच नव्हता, ते उस्तादाच्या नजरेवर. आणि उस्तादाची नजर त्या दिवशी कुणी विचारली नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर त्यांनी २०१७ च्या जानेवारीपासून ओपॅट नावाची टेस्ट आणली. चार इव्हेंट. जागेवरून लांब उडी, बसून दोन किलोचा मेडिसिन बॉल छातीपासून फेकायचा, वजन जमिनीवरून उचलायचं म्हणजे डेडलिफ्ट, आणि शिट्टीच्या तालावर वीस-वीस मीटर पळायचं, वेग वाढत जातो. मग कामांचे तीन गट पाडलेले, जास्त कष्टाचं, मधलं, कमी कष्टाचं. वरच्या गटाला उडी १६० सेंटिमीटर, बॉल साडेचार मीटर, डेडलिफ्ट १६० पौंड म्हणजे साधारण ७२-७३ किलो, आणि पळायचे ४३ फेरे. खालच्या गटाला उडी १२०, बॉल साडेतीन मीटर, १२० पौंड आणि ३६ फेरे. इन्फंट्री, तोफखाना, रणगाडा, कॉम्बॅट इंजिनिअर हे सगळे वरच्या गटात. वरचा गट नाही निघाला तर पोरगं महिना-दोन महिने तयारी करून परत देऊ शकतं नाहीतर दुसरं काम घेतं.

आकडे बघून तुम्ही म्हणाल हे तर सोपंय. सोपंच आहे, तालमीतलं पोरगं झोपेत काढेल. पण त्यातलं घेण्यासारखं हे की आकडे कामावरून काढले. सैनिक खरोखर काय उचलतो, ओढतो, किती लांब नेतो ते मोजलं, त्यातली सगळ्यात जड कामं निवडली आणि मग भरतीला आलेल्या पोराकडून मैदानात काय करून घेतलं म्हणजे ते काम त्याला जमेल याचा अंदाज येईल ते शोधलं. हे करायची वेळ का आली तर डिसेंबर २०१५ मध्ये तिकडं लढाईच्या सगळ्या कामांची दारं बायकांना उघडली. आता दारात कुणाला थांबवायचं असेल तर "आम्हाला असं वाटतं" चालत नाही, आकडा दाखवावा लागतो.

ब्रिटिशांचं मला जास्त आवडतं, म्हणजे मैदानावरचा माणूस म्हणून. त्यांच्या लढाऊ पलटणींची टेस्ट म्हणजे नुसतं कामच आहे. ४० किलो घेऊन ४ किलोमीटर ५० मिनिटांच्या आत, त्यानंतर २५ किलो घेऊन २ किलोमीटर १५ मिनिटांच्या आत. ११० किलोचा जखमी समजून ओढत न्यायचा. दोन हातात दोन पाण्याचे कॅन, २२-२२ किलोचे, घेऊन २४० मीटर चालायचं. यात बीम नाही, सूर्यनमस्कार नाही, काही नाही. पाणी पोस्टवर न्यावंच लागतं, बास.

आता कॅनडाची एक केस सांगतो, लष्कराची नाही, वणवा विझवणाऱ्यांची, पण या विषयात याच्याएवढी चांगली गोष्ट दुसरी नाही. ब्रिटिश कोलंबियात एक बाई जंगलातली आग विझवायच्या कामाला होती, दोन-तीन वर्षं काम व्यवस्थित चाललेलं, कुणाची तक्रार नाही. मग सरकारनं नवीन टेस्ट आणली, त्यात अडीच किलोमीटर ११ मिनिटांत पळायचं. चार वेळा पळाली, सगळ्यात चांगल्या वेळी ४९.४ सेकंद जास्त लागले. नोकरी गेली. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, १९९९ ला निकाल लागला, मेऑरिन केस म्हणतात. कोर्ट म्हणालं, बाबांनो, ११ मिनिटांत पळता आलं नाही तर आग विझवता येत नाही हे तुम्ही दाखवलंच नाही. तिला कामावर परत घ्यायला लावलं. म्हणजे टेस्ट घेऊ नका असं नाही म्हणाले, हे लक्षात घ्या. टेस्ट घ्या, पण तो आकडा कामातून आला पाहिजे.

इथं एक गोष्ट वेगळी करून बघितली पाहिजे, आपल्याकडं सगळे एकत्र कालवतात. फिटनेसची टेस्ट दोन प्रकारची असते. एक तब्येतीची, माणूस निरोगी आहे का, ढिला पडलाय का. आमच्या वेळची पीपीटी, म्हणजे नोकरीत असताना ठराविक काळानं द्यायची टेस्ट, त्यातली, २.४ किलोमीटर आणि बाकीचं. यात वयाप्रमाणं सूट द्यायला काहीच हरकत नाही, चाळिशीच्या सुभेदाराला विशीतल्या पोराचा टायमिंग लावणं वेडेपणा आहे. दुसरी कामाची. तिथं सूट चालत नाही, कारण गोळ्याला तुमचं वय कळत नाही, तुम्ही बाई की बाप्या ते पण कळत नाही, तो ३३ किलोचाच राहतो. अमेरिकेनं पण यात बऱ्याच कोलांट्या मारल्या. आधी एसीएफटीला, म्हणजे त्यांच्या नोकरीतल्या सैनिकांच्या टेस्टला, कामाप्रमाणं वेगळे आकडे ठेवायचं ठरवलं, २०२२ ला ते सोडून वय आणि स्त्री-पुरुष असे आकडे केले, आणि २०२५ च्या जूनपासून नवीन एएफटी, त्यात २१ लढाऊ कामांना बायका-पुरुष एकच आकडा, पास व्हायला ३५० मार्क, बाकीच्यांना ३००. इतका पैसा, इतके शास्त्रज्ञ असून दर तीन वर्षांनी बदलतायत, म्हणजे हे काम किती किचकट आहे बघा.

मग आपल्याकडं असं का नाही? पहिलं कारण गर्दी. आमच्याकडं कोल्हापूरच्या एआरओ, म्हणजे लष्कराच्या भरती कार्यालयाखाली सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि वर गोवा. आता आधी ऑनलाईन परीक्षा होते म्हणून मैदानावर कमी पोरं येतात, पूर्वी तर पहाटे दोनपासून रांगा, थंडीत पोरं पेपर अंथरून झोपलेली. एवढ्यांना मेडिसिन बॉल फेकायला लावला तर रॅली महिनाभर चालेल. पळणं स्वस्त आहे, दोरी लावा आणि शिट्टी मारा, आणि त्यात लांडीलबाडी कमी. आणि हे पण खरं की पळण्याला अर्थ आहे, नाही असं नाही. ज्याचा दम कच्चा तो ट्रेनिंगमध्ये पहिल्या दोन महिन्यांत नडगी धरून बसतो, हाडाला तडा जाणाऱ्यांत हळू पळणारे जास्त असतात हे बऱ्याच देशांच्या आर्मीत दिसून आलंय. म्हणजे सोळाशे मीटर हे दार म्हणून ठीक आहे. माझी तक्रार दारापुढची आहे. आत घेतल्यावर त्या पोराचं शरीर कुठल्या कामाचं हे कुणी लिहून ठेवत नाही.

तसं थोडं लिहितात, मेडिकलमध्ये. शेप म्हणतात ना, एस म्हणजे मन, एच ऐकणं, ए हातपाय, पी अंगाची एकूण क्षमता, ई डोळे. प्रत्येकाला आकडा, १ म्हणजे एकदम फिट, आकडा वाढला की बंधनं वाढली. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धातली, कॅनडानं सुरू केली पल्हेम्स म्हणून, आणि तिचा हेतूच हा होता की माणसाला नुसतं पास-नापास करू नका, कुठल्या कामाला चालेल ते लिहा. पण आपल्याकडं भरतीला सगळे शेप-वन लागतात, त्यामुळं त्या आकड्यांचा उपयोग सुरू होतो तो माणूस मोडल्यावर. मग कागद येतो, हाय अल्टिट्यूडला पाठवू नका, जड उचलायला लावू नका. मोडायच्या आधी हीच नजर वापरली तर?

पण मी अमेरिकेसारखं भरतीच्या दिवशीच शिक्का मारायच्या पण विरोधात आहे, आणि इथं माझं बऱ्याच उस्तादांशी वाजतं. कारण शरीरातल्या काही गोष्टी बदलतात आणि काही नाही. रंग ओळखता येत नसतील तर ते शिकवून येत नाही. कान गेला तो गेला. उंची सहा फूट एक इंच असेल तर रणगाड्यात गडी घडी घालूनच बसणार. या गोष्टींवरून काम ठरवा, बिनधास्त ठरवा, पहिल्याच दिवशी. पण ताकद? साडेसतरा-अठराचं पोरगं, घरी भाकरी-आमटी खाऊन आलेलं, आयुष्यात कधी वजन उचललेलं नाही, ते भरतीच्या दिवशी ५० किलो उचलेल आणि सेंटरवर पोटभर जेवण, दूध-अंडी आणि नीट शिकवलं तर तीन-चार महिन्यांत ८० उचलेल, मी करून घेतलंय. त्याला पहिल्याच दिवशी हलक्या कामाचा शिक्का मारलात तर तुम्ही त्याचं शरीर नाही मोजलं, त्याच्या घरची परिस्थिती मोजलीत. जतकडचं पोरगं आणि कराडकडचं पोरगं यांच्या मनगटात जो फरक दिसतो तो निम्मा ताटातला असतो. म्हणून माझं म्हणणं, ताकद मोजा पण ट्रेनिंगच्या शेवटी, ट्रेड देताना. दहा मिनिटांचं काम आहे. गोळ्याच्या वजनाची वाळूची पिशवी, वीस वेळा जमिनीवरून छातीएवढ्या उंचीवर. कमरेतून उचलतोय का गुडघ्यातून ते बघा, कितव्या पिशवीला हात सुटायला लागतात ते लिहा. ज्याचे नाही सुटत तो तोफेवर. ज्याचे सुटतात पण डोकं चालतं तो ऑपरेटर, सर्व्हे, टेक्निकल असिस्टंट, तोफखान्यात काय कामांना तोटा आहे का.

आणि पैलवान म्हणजे पळण्याला नालायक असं पण कुणी समजू नका. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, ते बँटमवेटला खेळायचे, ५७ किलोला. दुसऱ्या बाजूला माणमधल्या मोहीची ललिता बाबर, २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या फायनलला. दोघं एकाच जिल्ह्याचे. सातारी शरीर एका छापाचं नसतं. आमच्या इथं अपशिंगे मिलिटरीतून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण मारले गेले, त्यांच्या भरतीला कुणी स्टॉपवॉच लावलं असेल असं वाटत नाही, उंची आणि छातीवरच काम भागायचं.

बरं, आता दादा तुमच्या दोघांचं.

धाकट्याला सांगा, तुझं पळणं झालंय, रोज उठून सोळाशेचा टायमिंग काढणं बंद कर, आठवड्यातून एकदा बास. डांबरी रोडवर तर अजिबात नको, नडगी जाईल. वाचलेल्या वेळात तीन दिवस वजन. जिम लागत नाही. घरात वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन असतीलच, भरून दोन हातात घेऊन बांधावरून शंभर पावलं जायचं-यायचं, खांदे मागं, मान वर. पहिल्या आठवड्यात निम्मेच भरा. युरियाची गोणी ४५ किलोची येते, १५५ च्या तोफेचा गोळा ४३ च्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ तेवढंच, पण त्याला अजून दोन महिने हात लावू देऊ नका. आधी वीस किलोची वाळूची पिशवी, बसून, पाठ सरळ, छातीला लावून उठायचं. दर आठवड्याला दोन-तीन किलो वाढवा. वजन ५४ चं ५९-६० झालं तरी टायमिंग ५:३० च्या आत राहील, घाबरू नका, दहा सेकंद हातात आहेत त्याच्या.

पैलवानाचं उलटं. तालीम सोडू नको म्हणावं, लोक पहिल्यांदा तेच सोडायला लावतात आणि मग धड हे नाही धड ते नाही. फक्त खुराक बघा, ७८ चं ७३-७४ करायचं, सावकाश, तीन महिन्यांत. आठवड्यातून दोनदा चारशेचे सहा राउंड, प्रत्येक ८६ सेकंदांत, मध्ये दोन-अडीच मिनिटं चालायचं. जमायला लागलं की ८४, मग ८२. एक दिवस चढ, तुमच्याकडं जो कुठला घाट असेल तो, साताऱ्यातली पोरं यवतेश्वरला जातात. बीमला लटकून नुसतं खाली यायची प्रॅक्टिस, पाच सेकंद मोजत, वजनदार गड्याचे बीम त्यानंच वाढतात. ५:३० निघालं तर सोनं, नाही निघालं आणि ५:४० ला दहाचे दहा बीम मारले तरी ८८ होतात, तेवढ्यावर लेखीत मार्क काढा.

आणि दोघं लागले आणि सेंटरवर गेले की ट्रेडच्या वेळी गप्प बसायचं नाही, एवढं माझं ऐका. विचारतात तिथं, कधी नीट विचारतात कधी घाईत, पण त्या वेळी "जी साब, जो मिले" म्हणून मोकळं व्हायचं नाही. मला एवढं एवढं उचलता येतं, मला नकाशा वाचायला आवडतो, मला ट्रॅक्टर चालवता येतो, जे असेल ते सरळ सांगायचं. आमच्या त्या पोराला मी नंतर विचारलं होतं, तुला लोडर कुणी केलं रं. म्हणाला, साहेबांनी विचारलं तोफेवर जाणार का, मी हो म्हणालो. एवढंच.